क्राउन, पिनियन आणि एक वॉशर

उतारावरून मोटार चालली आहे. चालक पायाने ब्रेक दाबतो. ब्रेकमध्ये काही दोष नाही, तो घट्ट पकडतोही. पण गाडी थांबत नाही, उलट तिचा वेग वाढतच जातो. असे कसे होईल, असे तुम्ही विचाराल. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत असे होऊ शकते, आणि त्याचे कारण तिच्या मागच्या धुऱ्यात दडलेले असते.

अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात या जातीच्या सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. आजही हौशी मंडळी त्या दुरुस्त करून रस्त्यावर आणतात. अशी जुनी गाडी हाती आली की जाणकार माणूस रंगरंगोटीच्या नादी लागण्याआधी तिचा मागचा धुरा उघडतो. का, ते समजण्यासाठी धुऱ्याच्या पोटात काय असते ते प्रथम पाहू.

इंजिनाची गती एका लांब दांड्यातून मागे येते. हा दांडा गाडीच्या लांबीला समांतर असतो. चाकांना मात्र त्याच्याशी काटकोनात असलेल्या आसाभोवती फिरायचे असते. गतीला हे वळण देण्याचे काम शंकूच्या आकाराची दोन दंतचक्रे करतात. दांड्याच्या टोकाला असतो तो लहान पिनियन, आणि धुऱ्यावर असतो तो मोठा क्राउन. मॉडेल टीच्या पिनियनला ११ दात असतात, क्राउनला ४०. ४० ला ११ ने भागले तर ३.६४ येतात. म्हणजे चाकाचा वेग दांड्याच्या वेगाहून ३.६४ पटींनी कमी होतो आणि फिरवण्याचा जोर, ज्याला आपण आघूर्ण म्हणतो, तो घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला तर तितक्याच पटींनी वाढतो.

थोडा हिशेब करू. या इंजिनाचे जास्तीत जास्त आघूर्ण सुमारे ११२ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये ते २.७५ पट होते आणि धुऱ्यात आणखी ३.६४ पट. गुणाकार केलात तर १,१२० न्यूटन-मीटरच्या आसपास उत्तर येईल. चाकाचा व्यास ३० इंच, म्हणून त्रिज्या ०.३८ मीटर. म्हणजे दोन्ही चाके मिळून रस्त्याला जवळजवळ ३०० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने मागे ढकलतात. क्राउनची त्रिज्या चाकाच्या त्रिज्येहून बरीच लहान असल्यामुळे त्याच्या दातांवर येणारे बल याच्याही कित्येक पट असते. आणि हा भार एका वेळी एकदोन दातांनीच झेलायचा असतो!

११ आणि ४० हेच आकडे का घेतले असतील? या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा एखादा दात क्राउनच्या एखाद्या दाताला एकदा भेटला की पुन्हा त्यालाच भेटण्यापूर्वी क्राउनच्या बाकीच्या सर्व दातांना भेटून येतो. मधे पिनियनचे ४० फेरे होतात. एखाद्या दातावर खडबडीत जागा असली तर झीज एकाच जोडीदाराच्या वाट्याला न येता सर्वांत वाटली जाते. दहा आणि चाळीस घेतले असते तर? कागदावर मांडून पाहा.

क्राउन थेट चाकांना जोडलेला नसतो. तो डिफरन्शियलच्या पेटीवर बसवलेला असतो, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? मॉडेल टीच्या दोन चाकांत ५६ इंच, म्हणजे १.४२ मीटर अंतर आहे. गाडी पूर्ण वर्तुळात फिरली तर दोन्ही परिघांतला फरक २ × ३.१४ × १.४२, सुमारे ८.९ मीटर येतो. गंमत अशी की वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. काटकोनातल्या एका वळणात त्याचा चौथा भाग, सव्वादोन मीटर. चाकाचा परीघ २.४ मीटर आहे. म्हणजे रस्त्याच्या एका कोपऱ्यावर बाहेरचे चाक जवळजवळ एक फेरा जास्त घेते. पेटीतली तीन लहान दंतचक्रे हा फरक सांभाळतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दातांच्या बाजू सरळ उभ्या नसतात, पाचरीसारख्या कललेल्या असतात. दोन पाचरी एकमेकींवर रेटल्या तर त्या एकमेकींना दूर सारतात. हा कल २० अंशांचा धरला तर दातावरच्या बलाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक बल दोन चक्रांना विलग करू पाहते, आणि या जोडीत ते जवळजवळ सगळेच क्राउनला धुऱ्याच्या दिशेने बाजूला ढकलते. ब्रेक लावल्यावर दातांची दुसरी बाजू दाबली जाते. पण तीही तशीच कललेली. म्हणून गाडी पळवा की थांबवा, क्राउन पिनियनपासून दूरच जाऊ पाहतो.

त्याला अडवून धरतो एक जाड वॉशर. डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना पोलादाच्या दोन चकत्यांमध्ये असा एकेक वॉशर असतो. कारखान्यात तो बॅबिट धातूचा घालत. बॅबिट हा मऊ, पांढरा मिश्रधातू घर्षण कमी करण्याच्या कामी फार चांगला. पण वारंवार दाब घेऊन वर्षानुवर्षांनी त्याला तडे जातात, तुकडे पडतात आणि तेलात चुरा सापडू लागतो. वॉशर फुटला की क्राउन सरकतो आणि दात सुटतात. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून पुढे गिअरपेटीतल्या ड्रमवर असतो! तो दांड्याला थांबवतो खरा, पण दांड्याचा चाकांशी संबंधच उरलेला नसतो. हाताच्या दांडीने मागच्या चाकांत लागणारे ब्रेक असतात, पण ते दुबळे. म्हणून आज धुरा उघडला की जुने वॉशर चांगले दिसले तरी काढून त्या जागी काशाचे घालतात. माझ्या मते यात काटकसर करणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

नवीन वॉशर घातले म्हणजे काम संपले असे नाही. चण्याफुटाण्यांच्या कागदी पुड्या आठवा. दोन शंकू एकमेकांवर न घसरता फिरायचे तर त्यांची टोके एकाच बिंदूत मिळायला हवीत. क्राउन आणि पिनियन यांचेही तसेच आहे. म्हणून पिनियन पुढे-मागे आणि क्राउन डावी-उजवीकडे सरकवून ती जागा शोधावी लागते. त्यासाठी पातळ शिमा घालतात किंवा वॉशरची जाडी घासून कमी करतात.

जागा बरोबर आहे हे कसे ओळखायचे? पिनियन घट्ट धरून क्राउन किंचित हलवतात. जी मोकळीक जाणवते तिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. ती ६ ते १० थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, असली की ठीक, मिलिमीटरमध्ये ०.१५ ते ०.२५. प्ले अजिबात नको असे वाटेल, पण पोलाद तापले की वाढते आणि दातांमध्ये तेलाच्या थरालाही जागा लागते. प्ले जास्त झाला तर प्रत्येक झटक्याला दात आपटतात. क्राउन फिरवून चार-पाच ठिकाणी मोजणे आवश्यक असते. एका ठिकाणी ६ आणि समोर १५ आले तर क्राउन वाकडा बसला आहे.

दुसरी परीक्षा रंगाची. शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या काही दातांना लावतात आणि चक्रे फिरवतात. जिथे दात टेकतो तिथला रंग पुसला जातो. हा ठसा दाताच्या मध्यभागी हवा. तो एका टोकाला सरकला तर सगळा भार तेवढ्याच कोपऱ्यावर येईल आणि तिथून दात तुटेल. खरा शेंदूर शिशापासून करतात आणि शिसे विषारी आहे, म्हणून आता त्यासाठी वेगळा, निर्धोक लेप मिळतो. ठसा सुधारायला गेले की प्ले बिघडतो, प्ले सुधारला की ठसा हलतो. मग पुन्हा सगळे खोलायचे, शीम बदलायची आणि बसवायचे. यंत्रे कितीही असोत, हे काम घाईने होत नाही.

सगळे जुळल्यावर धुरा ठोकळ्यांवर उचलून ठेवतात आणि दांडा पक्का धरून एक चाक हाताने पुढे फिरवतात. त्याच क्षणी दुसरे चाक तेवढ्याच वेगाने मागे फिरते. नंतर दांडा सोडून एक चाक धरून ठेवतात आणि दुसरे दोन फेरे फिरवतात. क्राउनचा बरोबर एक फेरा होतो.