मूळ, भाष्य आणि गाईड

मुलगी गणितात हुशार निघाली की आपल्याकडे तिच्यापुढे दोनच वाटा मांडतात: इंजिनियरिंग, नाही तर बी.एड. जालन्यातल्या आमच्या आळीतील एका मुलीने तिसरीच वाट धरली. बी.एस्सी. होता होता तिने विमागणिती व्हायचे ठरवले आणि प्रवेशपरीक्षा पारही केली. माणसे किती जगतात, आणि पंचवीस वर्षांनी द्यायच्या रकमेसाठी आज किती हप्ता घ्यावा, हा हिशेब करणारा तो विमागणिती.

तिचे वडील रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. मुलीला घेऊन ते माझ्याकडे आले. "सर, पुस्तकांना एकदाच पैसे काढता येतील. काय घ्यावे ते तुम्ही सांगा."

मी पडलो मराठीचा मास्तर! पण मुलीने यादी पुढे ठेवली आणि ओळख पटली. पहिले 'कोअर रीडिंग', म्हणजे मूळ ग्रंथ. दुसऱ्या सविस्तर नोट्स. त्यात हेच मूळ उलगडून उदाहरणांसह सांगितलेले, म्हणजे भाष्य. तिसरी उजळणीची टिपणे, कार्डे, प्रश्नसंच. म्हणजे आपले गाईड! शिवाय मामेभावाने पुण्याहून स्वस्तात आणलेला जुना गठ्ठा होताच.

गठ्ठ्यावर 'सीटी 3' असे छापलेले. हा अभ्यासक्रम 2019 साली बदलला. 'सीटी' जाऊन 'सीएस', 'सीएम', 'सीबी' आले. संख्याशास्त्राला 'आर' ही संगणकभाषा आणि विमागणिताला एक्सेल जोडले गेले. संभाव्यतेचे गणित बदललेले नाही, म्हणून गठ्ठा सरावाला चालेल. त्याच्या भरवशावर परीक्षेला मात्र बसू नये. मूळ ग्रंथही दरवर्षी सुधारला जातो, तेव्हा घ्यायचा तो आपल्या परीक्षेच्या वर्षाचाच.

"पण काका, सगळे तर तिन्ही घेतात," मुलगी म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती. पहिलाच पेपर गेला तर घरात स्थळांची चर्चा सुरू होणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

मी म्हणालो, "कविता न वाचता तिचे रसग्रहण लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहतो. गाईड पाठ असते, म्हणून निभावतेही. पण प्रश्न जरा फिरवून विचारला की पेन थांबते. तुझ्या परीक्षेत तर प्रश्न फिरवूनच येणार."

आणि प्रश्न फुकट मिळतात! 1944 साली स्थापन झालेली आपली विमागणितींची सोसायटी 2006 च्या कायद्याने 'इन्स्टिट्यूट' झाली. तिच्या संकेतस्थळावर मागील प्रश्नपत्रिका उत्तरांसह आहेत. 'आर'लाही पैसे पडत नाहीत.

शेवटी असे ठरले: आधी एकच विषय. त्याच्या यंदाच्या नोट्स, कारण मूळ त्यांतच येते आणि एकटीने शिकणाऱ्याला भाष्याची गरज असते. गाईड नाही. एक धडा झाला की घड्याळ लावून जुने प्रश्न सोडवायचे, आणि वहीत आपले उत्तर लिहून झाल्याशिवाय छापील उत्तर उघडायचे नाही. उरलेले पैसे परीक्षेच्या फीसाठी.

निकाल अजून लागायचा आहे. परवा वडील सांगत होते, कपाटात नोट्सचा एकच संच आहे, वह्या मात्र सहा भरल्या. वाचकहो, आपल्या घरी मुले कोणत्याही परीक्षेला बसोत, पुस्तकांची फळी पाहून समाधान मानू नका. वह्या किती भरल्या, तेवढे विचारा.