चाळीस पौंड वाफ आणि अंगठ्याएवढी डबी

संपादकांना डॉन्कास्टरवर लेख हवा होता तो 'मॅलार्ड'साठी. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं हे इंजिन इथल्याच रेल्वे कारखान्यात घडलं. पण यॉर्कशायरच्या या शहरात १९८२ पासून 'राउंडहाउस' नावाचा आणखी एक कारखाना इंजिनं बनवतो आहे, आणि ती मांडीवर मावतात. मला त्यांचंच कुतूहल होतं. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या म्युझियममध्ये छोट्या गाड्या विजेवर धावतात. इथे तांब्याच्या बॉयलरमध्ये खरोखर पाणी उकळतं आणि वाफच पिस्टन ढकलते.

अशी इंजिनं जमवणारे एक निवृत्त फिटर भेटले. त्यांच्या घरामागे ३२ मिलिमीटर रुंदीचा रूळ बागेला वळसा घालून जातो. इंजिन पेटवण्याआधीचा त्यांचा क्रम ठरलेला: सांध्यांना तेल, मग बॉयलरमध्ये मोजून पाणी, शेवटी गॅस. गॅसची टाकी मुद्दामच लहान असते. पाणी संपायच्या आत गॅस संपला पाहिजे, म्हणजे कोरडा बॉयलर तापत राहत नाही. दाब चाळीस पौंडांवर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो.

माप लहान केलं म्हणून निसर्गाचे नियम लहान होत नाहीत. मूळ इंजिनाची प्रत १९ पट लहान केली, तर बॉयलरचा पृष्ठभाग ३६१ पटींनी घटतो, आतलं पाणी मात्र ६,८५९ पटींनी. म्हणजे पाण्याच्या मानाने उष्णता घालवणारी बाजू १९ पट मोठी. वाफ सिलिंडरपर्यंत पोचता पोचताच गार होऊ लागते, पिस्टनशी पाणी साचतं, आणि ओल्या धातूवर साधं तेल टिकत नाही. म्हणून इथे खास दाट तेल लागतं. त्यात थोडी जनावराची चरबी मिसळलेली असते.

हे तेल सिलिंडरपर्यंत पोचवणाऱ्या भागाने मला खिळवून ठेवलं. चालकाच्या केबिनमध्ये अंगठ्याएवढी पितळी डबी असते. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. वाफेची नळी डबीतून आरपार गेलेली, आणि तिला एक बारीक छिद्र. छिद्रातून किंचित वाफ डबीत शिरते आणि गार होऊन तिचं पाणी होतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि वरचं तेवढंच तेल छिद्रातून नळीत लोटतं. पंप नाही, दट्ट्या नाही, तरी इंजिन चालू आहे तोवर वंगण चालू.

फेरी संपल्यावर फिटरसाहेबांनी डबीचं झाकण उघडलं आणि इंजेक्शनची सिरिंज तळापर्यंत घातली. आधी दुधी पाणी आलं, मग मधासारखा तेलाचा धागा. पाणी आलं म्हणजे तेल गेलं, हा त्यांचा हिशोब. डबीत पाणी नसेल, तर छिद्र बुजलंय म्हणून समजायचं आणि इंजिन पुढे चालवायचं नाही. मध्येच खात्री करायची तर धुराड्यावर क्षणभर पांढरा कागद धरायचा. त्यावर तेलाचे ठिपके उठले पाहिजेत.

अडचणींची यादी मात्र लांब आहे. जड पाणी वापरलं तर आपल्याकडच्या बंबासारखाच बॉयलरला आतून क्षाराचा थर बसतो, म्हणून अनेकजण पावसाचं पाणी गाळून ठेवतात. बर्नरच्या तोंडाचं छिद्र केसाएवढं, कचऱ्याच्या एका कणाने ज्योत रुसते. क्लबच्या रुळावर गाडी न्यायची तर बॉयलरचा दाखला लागतो. वापरातल्या बॉयलरची चाचणी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबावर आणि गार पाण्याने घेतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा उसवला तरी स्फोट होत नाही, नुसती गळती दिसते.

'मामॉड' कंपनीच्या १९७९ सालच्या स्वस्त इंजिनांपुढे वेगळंच संकट आहे. ती इंधनाच्या घन वड्यांवर चालायची. अशा वड्यांमधलं हेक्झामिन स्फोटकांसाठीही वापरता येतं, म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये ते परवान्याशिवाय विकत घेता येत नाही. मालकांना आता जेलच्या रूपातलं इंधन तरी वापरावं लागतं, नाहीतर नवा बर्नर बसवावा लागतो.

सर्वात मोठा पेच संग्राहकांचाच आहे. एकदाही न पेटवलेल्या, खोक्यासकट असलेल्या इंजिनाला लिलावात जास्त भाव येतो. पण पडून राहिलं की रबरी कड्या कडक होतात, जुनं तेल गोंदासारखं घट्ट होतं, पोलादी आसांवर गंज चढतो. बाजार सांगतो हात लावू नका, फिटर सांगतो महिन्यातून एकदा तरी वाफ धरा. दोघांचं एकाच वेळी ऐकता येत नाही. मी फिटरच्या बाजूने आहे, पण त्यांच्या सल्ल्याची एक अट आहे: सिरिंज आणि पाना हातात धरून शिकणारं कुणीतरी शेजारी उभं असायला हवं. त्या दुपारी बागेत जमलेल्यांत पन्नाशीच्या आतला एकही माणूस मला दिसला नाही.