मूल वाचत नसेल तर शिकवणीआधी तपासणी हवी

पाचवीतल्या मुलाला धडा वाचता येत नाही, हे कळल्यावर घरात दोनच उपाय सुचतात: मार किंवा शिकवणी. वैभववाडी तालुक्यातल्या वाड्यांवर फिरताना पालक आम्हाला चांगल्या शिकवणीचा पत्ता विचारतात. पण दुसरीच्या पातळीवर अडलेल्या मुलाला पाचवीचा गृहपाठ करून घेणारी शिकवणी उपयोगाची नाही. ते उत्तरे उतरवून घेते, न वाचताच पुढच्या वर्गात जाते आणि नववी-दहावीत शाळा सोडते. म्हणून ते नेमके कुठे अडते, हे आधी पाहिले पाहिजे.

ही तपासणी आपल्यापैकी कोणीही करू शकतो. २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात वाचनाच्या चार पायऱ्या धरतात: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला एकटे, शांत जागी बसवा. चारचौघांत परीक्षा नको. पाचपैकी चार अक्षरे बरोबर आली तर शब्द द्या. शब्द जमले तर परिच्छेद. जिथे अडेल तिथून शिकवायचे, मग इयत्ता कोणतीही असो. १९९५ मध्ये मुंबईत काम सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेने मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार करण्याची ही पद्धत देशभर नेली.

मराठी वाचनाच्या काही खास अडचणी आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ होतो. रफार आणि जोडाक्षरे आली की अनेक मुले थबकतात. त्यात घरची बोली वेगळी. घरी 'झील' आणि 'चेडू' ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकातली भाषा अर्धी परकीच असते. अर्थ त्याच्या बोलीत सांगितला तर वाचन पुढे सरकते. अशा मुलाला 'ढ' म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तरीही प्रगती दिसली नाही तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा या मुलाचे नाव आवर्जून सांगा. दृष्टी आणि श्रवण ठीक असूनही अक्षरे जुळत नसतील, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. साधारण आठव्या वर्षानंतर तिचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्याच्या आधारे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीचा अर्ज भरताना धावपळ करण्यापेक्षा चौथी-पाचवीतच पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा.

शाळेकडे मदत मागताना संकोच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. म्हणजे ही मदत शाळेतच आणि विनामूल्य मिळाली पाहिजे. मागणी लेखी द्या, पोच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. त्या जागेवर आपली माणसे नुसती सहीपुरती बसतात की वाचनाचा प्रश्न मांडतात, हे तरुणांनी पाहायला हवे.

शाळेच्या जोडीला विहार आहेच. वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच तीन महिन्यांत वाचनाआधी एक तास मुलांसाठी ठेवता येईल. एका तरुणाकडे चार-पाच मुले, सगळी एकाच पातळीची. दहा मिनिटे मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची, मग मुलांनी बोट ठेवून वाचायचे, शेवटी तेच शब्द लिहायचे. महिन्याने पुन्हा तपासणी, आणि तिची नोंद वहीत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीवर' संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. त्या छापून पाठवण्याचे काम मंडळाच्या मुंबई शाखेने उचलावे.

वाचणाऱ्या मुलाच्या पाठीशी एक मोठे माणूस उभे राहिले तर काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. कृष्णाजी अर्जुन केळुसकर आपल्याच जिल्ह्यातल्या केळूसचे. मुंबईत शिक्षक असताना त्यांनी शाळकरी भीमरावांना पुस्तके दिली आणि मॅट्रिकनंतर १९०७ मध्ये स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. जयंतीच्या मिरवणुकीला आपली वाडी एका दिवसात वर्गणी उभी करते. या वर्षावासात तिने न वाचणाऱ्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे वाचून घेणाऱ्या एका तरुणाचे नाव लिहावे.