ख्रिस्ती जीवनातील प्रार्थनेचे महत्त्व : मुंबई उपनगरांतील क्रूसांच्या संदर्भात

४.१ प्रास्ताविक

अंधेरीजवळील मरोळ वा आंबोली, बोरिवलीच्या पश्चिमेची गोराई अशा जुन्या गावठाणांतून आपण कधी गेलात, तर वाटेच्या कडेला उभे असलेले क्रूस आपल्या दृष्टीस पडतील. चौथऱ्यावर मेणबत्तीचे ओघळ आणि एखादा झेंडूचा हार असतो. उपनगरांतील अशा क्रूसांपैकी बरेचसे १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारले गेले. ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेला एवढे महत्त्व का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत घटकात आपण या क्रूसांच्या आधारे करणार आहोत.

४.२ प्रार्थनेचे स्वरूप

प्रार्थना म्हणजे देवाकडे काही मागणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ख्रिस्ती विचारात मागणे हा प्रार्थनेचा केवळ एक भाग आहे. स्तुती, पापांची कबुली, उपकारस्मरण, स्वतःसाठी विनंती आणि इतरांसाठी मध्यस्थी असे तिचे प्रमुख प्रकार मानले जातात. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात आढळते. तिची रचना लक्षात घ्या. देवाला पिता म्हणून हाक मारून आरंभी त्याचे नाव व त्याचे राज्य यांचा विचार येतो. रोजची भाकर, क्षमा आणि मोहापासून रक्षण यांची मागणी त्यानंतर येते. शिवाय येथे मागणारा एकटा नाही. भाकर ‘माझी’ नसून ‘आमची’ आहे. एकांतात केलेल्या प्रार्थनेतही शेजाऱ्याला जागा ठेवावी, असा हा संस्कार आहे.

४.३ प्लेगचा काळ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ही साथ साष्टीतील गावांतही पोहोचली. तेथील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज हा प्रामुख्याने शेती आणि मासेमारीवर जगणारा; त्याची बोली मराठीच्याच कुळातील. भयाच्या त्या दिवसांत गावकऱ्यांनी पाखाडीच्या तोंडाशी वा वस्तीच्या मध्यभागी क्रूस उभारले आणि सायंकाळी त्यांच्यापुढे जमून रोझरी म्हटली. एकाने आरंभ करावा आणि इतरांनी प्रतिसाद द्यावा, अशी या प्रार्थनेची पद्धत असते. तिच्यामुळे ज्याला शब्द सुचत नाहीत, त्यालाही समूहाच्या स्वरात आपला स्वर मिसळता येतो. जेथे माणूस माणसाच्या स्पर्शाला भीत होता, तेथे एकमेकांना धरून ठेवण्याचे कार्य या प्रार्थनेने केले.

४.४ मागणे मान्य न झाल्यास

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. प्लेग लगेच हटला नाही. पुढील कित्येक वर्षे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. प्रार्थना करणाऱ्या घरांतूनही माणसे गेली. मग ती प्रार्थना व्यर्थ गेली असे म्हणावे काय?

बायबल हा प्रश्न टाळत नाही. गेथशेमाने बागेत येशूने आपल्यावरील दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी विनंती केली आणि अखेर पित्याच्या इच्छेला मान तुकविली. प्याला दूर झाला नाही. देहातील काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. त्याला लाभली ती व्यथेतून सुटका नव्हे, तर ती सोसण्यास पुरेशी कृपा. या दोन्ही प्रसंगी मागणे खरे आहे, वेदनाही खरी आहे. परंतु मागणे मान्य न होऊनही नाते तुटत नाही. ख्रिस्ती दृष्टीने प्रार्थनेची कसोटी येथेच लागते. फळ मिळाल्यावर थांबणारी प्रार्थना हा व्यवहार होय. फळाविना टिकणारी प्रार्थना हा विश्वास होय.

अंधेरी परिसरातील कोंडिविटे येथील सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे चर्च याची साक्ष देते. १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे सोडून द्यावे लागले आणि गावकरी मरोळला गेले. त्याचे भग्न अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. वास्तू ओसाड पडली, पण उपासना थांबली नाही. मरोळला नवे चर्च उभे राहिले.

४.५ प्रार्थना आणि मराठी

माणूस अत्यंत अंतरीचे बोलतो ते मायबोलीतच. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर अभंग आणि भजन या मराठी भक्तिपरंपरेच्या रूपांतूनच आपली आराधना मांडली. त्यामुळे मराठी ख्रिस्ती मंडळींना उपासनेसाठी आपल्या ओळखीची चाल आणि आपले शब्द मिळाले.

४.६ समारोप

प्रार्थना ख्रिस्ती माणसाला संकटातून वगळत नाही. संकटात तो देवापासून आणि शेजाऱ्यापासून तुटू नये, हे ती पाहते. आजही मे महिन्यात अनेक गावठाणांत सायंकाळी क्रूसापुढे माणसे जमतात. प्लेग केव्हाच गेला. हे जमणे मात्र राहिले.

स्वाध्याय

१. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या रचनेतून कोणता सामाजिक विचार व्यक्त होतो?
२. ‘मागणे मान्य न होणे म्हणजे प्रार्थना व्यर्थ जाणे नव्हे.’ या विधानाची साधार चर्चा करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या प्रार्थनास्थळास भेट देऊन तेथील सामूहिक प्रार्थनेच्या भाषेविषयी टिपण लिहा.