आवाळूं आणि अर्बुद

साकोलीच्या आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या डोक्यावर सुपारीएवढें आवाळूं होतें. तें वाढूं लागलें म्हणून त्यांनीं काढवून घेतलें. काढलेली गांठ तशीच टाकून देण्यांत आली. सहा महिन्यांच्या आंत तिच्याच जागीं दुसरी उठली व चिघळली. सुमारें शंभर किलोमीटरांवरील नागपुरास नेलें, तेव्हां कळलें कीं, तो त्वचेचा कर्करोग आहे.

डोक्यावरील बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात, हें आम्ही प्रथमच सांगतों. परंतु क्वचित् केसांच्या मुळांपासून, तैलग्रंथींपासून किंवा रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून दुर्मिळ कर्करोग उद्भवतात. यांतील शेवटचा, म्हणजे अँजिओसार्कोमा, वृद्धांच्या डोक्यावर मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग होऊन प्रकट होतो. आणि चौकट लागली असेल, असें समजून घरचे स्वस्थ बसतात.

केवळ रूपावरून या रोगांचें निदान होत नाहीं. गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें, हाच निर्णायक मार्ग होय. रोग पसरला आहे काय हें जाणण्यासाठीं डॉक्टर कानामागील व मानेतील गांठीही चाचपून पाहतात. शस्त्रकर्मांत भोंवतालची कांहीं निरोगी त्वचाही काढतात, आणि कडेस रोग उरला नाहीं ना, हें तपासतात. उघडी जागा दुसरीकडील त्वचेनें झांकतात. जरूर तेथें किरणोपचार व औषधें देतात. अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास तें पुनः उद्भवतें, असें सुश्रुतानेंही चिकित्सास्थानांत बजावलें आहे. अशा उपचारांसाठीं नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईस १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे.

आपली टाळू आपणांस दिसत नाहीं. ती दिसते तेल लावणाऱ्या नातीस, न्हाऊं घालणाऱ्या सुनेस, केस कापणाऱ्या न्हाव्यास. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांचे केस महिन्यांतून एकदां दुभागून पाहावे. वाढती गांठ, पसरता डाग, वा तीन-चार आठवड्यांत न भरणारें क्षत आढळल्यास चुना, लेप किंवा डागणी यांत दिवस दवडूं नयेत, डॉक्टरांस दाखवावें. आणि गांठ काढविल्यास, ‘ती तपासणीस पाठविली ना?’ एवढें विचारल्यावांचून दवाखान्यांतून उठूं नये.

आमचे स्नेही दुसऱ्या मोठ्या शस्त्रकर्मानंतर घरीं आले आहेत. तो एक प्रश्न पहिल्याच वेळीं कोणी विचारला असता, तर पुढील हाल कदाचित् टळते. विचारावयास त्या दिवशीं आम्हीही जवळच होतों.