संशोधनाची नोकरी: जाहिरात कशी वाचावी?

मुलगी एम.एस्सी. झाली आणि म्हणाली, "मला संशोधन करायचं आहे," की घरातली वडीलधारी माणसे बुचकळ्यात पडतात. "अजून पाच वर्षं शिकायचं? पैसा कुठून आणायचा?" ही काळजी खोटी नाही. पण तिच्यात एक गैरसमज आहे. विज्ञानातले संशोधन हे शिक्षण खरे. पण बहुतेक वेळा ते पगारी कामही असते.

ते कसे? समजा, विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी ज्वारीवरच्या रोगाचा अभ्यास हाती घेतला. सरकारने त्यासाठी अनुदान दिले. आता प्रयोग करायला माणूस हवा. मग विद्यापीठ जाहिरात काढते: 'कनिष्ठ संशोधक पाहिजे.' हा झाला प्रकल्पाचा मार्ग.

दुसरा मार्ग परीक्षेचा. विज्ञान शाखेसाठी 'नेट' ही परीक्षा असते. तीत वरच्या क्रमांकाने निवड झाली, तर सरकारी छात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये ठरला, घरभाडे वेगळे. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी 'गेट' ही परीक्षा असते. पवईची आय.आय.टी. असो की पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, अशा परीक्षांचे वजन सगळीकडे आहे.

आता जाहिरात हाती आली, की चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुदत. प्रकल्प संपला की नोकरी संपते. ती कायम होईल असे धरून चालू नये. दुसरी, पात्रता. विषय कोणता, गुण किती, नेट किंवा गेट लागते का? तिसरी, मानधन. नेट-गेट नसेल तर ते बहुधा कमी असते. आणि चौथी, जी पुष्कळजण विसरतात: या जागेवर राहून पीएच.डी.ला नाव नोंदवता येईल का? प्रकल्पात जागा मिळाली म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, असे नव्हे. मुलाखतीत हे स्पष्ट विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. पीएच.डी. झाली म्हणजे प्राध्यापकाची जागा तयारच आहे, असेही नाही. छात्रवृत्तीचे पैसे कधी कधी उशिरा हाती पडतात. तेव्हा पहिल्या काही महिन्यांची तजवीज गाठीला असावी. आणि जागा मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, यात आपले काम मोठे आहे. या जाहिराती बहुधा संस्थांच्या संकेतस्थळांवरच लागतात, तिथेही थोडेच दिवस राहतात, आणि पुष्कळदा इंग्रजीत असतात. गावातल्या हुशार मुलाला त्या वेळेवर दिसत नाहीत. दिसल्या तरी भाषेला बिचकून तो मागे सरतो. महिन्यातून एकदा अशी एखादी जाहिरात वर्गात उघडा आणि ओळीओळीने समजावून सांगा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून हे कानावर पडले, तर परीक्षेच्या तयारीला अवधी मिळेल, आणि घरच्यांना पटवून देण्यासारखा हिशेबही मुलांच्या हाती राहील.