सहा धावांचं भांडण

लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याचा एकही मित्र कमी झाला नाही. टिळकवाडीतल्या चहाच्या टपरीवर त्यांचा कट्टा लग्नाआधी जसा भरायचा, तसाच नंतरही भरत राहिला. फरक एवढाच झाला की मॅचच्या दिवशी तो कट्टा आमच्या घरी यायला लागला आणि चहा मी करायला लागले. माझ्या मैत्रिणी मात्र वर्षभरात पांगल्या. एक पुण्याला, एक निपाणीला, एक गडहिंग्लजला. आणि जिच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस जायचा नाही, ती हुबळीला.

शहापुरात आमची घरं एकाच गल्लीत. तिचं घर कन्नड, मूळ गदगकडचं. आमचं मराठी. मी कन्नड शिकले ती तिच्या आईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, आणि ती मराठी शिकली आमच्या माडीवर. शिकायला फार काही नव्हतंच म्हणा. त्यांच्याकडेही वहिनीला वैनी आणि काकाला काकाच म्हणायचे. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे क्रिकेट. मी सचिनची. ती कुंबळे, श्रीनाथ, प्रसाद आणि नंतर द्रविडची.

१९९६ च्या मार्चमध्ये आमची पीयूसीची परीक्षा तोंडावर होती. ९ तारखेला बंगळूरला पाकिस्तानविरुद्धचा उपउपांत्य सामना. आमिर सोहेलनं प्रसादला चौकार मारून बॅटनं सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला, तेव्हा हिनं पुस्तक वर फेकलं ते थेट पंख्याला लागलं. चारच दिवसांनी कोलकात्यात श्रीलंकेपुढे १ बाद ९८ वरून ८ बाद १२० अशी आपली अवस्था झाली. मैदानात बाटल्या पडू लागल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि रडत बाहेर येणारा कांबळी पाहून तिच्या वडिलांनी टीव्ही बंद केला. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. ‘होगली बिडे,’ ती म्हणाली. पुढची कितीतरी वर्षं हे दोन शब्द आमचं औषध होतं.

आमचं पहिलं मोठं भांडण ३१ जानेवारी १९९९ चं. चेन्नई कसोटी, पाकिस्तानविरुद्ध विजयासाठी २७१ हव्या होत्या. पाठ धरलेली असताना सचिननं १३६ काढल्या. तो बाद झाला तेव्हा १७ धावा बाकी होत्या आणि तीन गडी शिल्लक. ते तीनही गडी ४ धावांत गेले. कुंबळे, सुनील जोशी, श्रीनाथ. नाबाद राहिला तो प्रसाद. म्हणजे चौघेही कर्नाटकचे, त्यात जोशी तर तिच्या गदगचा! माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तुमच्या चौघांना मिळून सतरा धावा झाल्या नाहीत.’ ती उसळून म्हणाली, ‘तुमच्या एकट्याला शेवटपर्यंत थांबता आलं नाही.’ आठ दिवस अबोला. ७ फेब्रुवारीला कुंबळेनं दिल्लीत एकाच डावात दहाही गडी बाद केले, तेव्हा ती धावत आमच्या माडीवर आली. अबोला धरल्याचं तिला आठवलंसुद्धा नाही.

द्रविडवरून मात्र वाद मिटायचाच नाही. जन्म इंदूरचा, घरात मराठी, वाढला बंगळूरला, खेळला कर्नाटकाकडून. ‘आमचा’ म्हणायला दोघींकडे पुरावा होता.

आम्ही एकत्र पाहिलेला शेवटचा सामना २३ मार्च २००३ चा, जोहान्सबर्गची विश्वचषक अंतिम फेरी. ऑस्ट्रेलियाच्या ३५९ धावा झाल्या आणि सचिन पहिल्याच षटकात गेला. तिच्या घरी त्या दिवशी लग्नपत्रिकांना हळदीकुंकू लावायचं काम चाललं होतं. हरल्यावर आम्ही तेच पुढे करत बसलो. मे महिन्यात तिचं लग्न झालं, डिसेंबरात माझं.

आणि मग आलं मुलतान. २९ मार्च २००४, सोमवार. आदल्या दिवसापासून खेळणाऱ्या सेहवागच्या ३०९ झाल्या. कसोटीत त्रिशतक करणारा तो पहिला भारतीय. सचिन १९४ वर. गांगुली जखमी असल्यानं कर्णधार होता द्रविड, आणि त्यानं ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. सहा धावा कमी!

संध्याकाळी बातम्यांत ते पाहिलं आणि माझा हात आपोआप फोनकडे गेला. फोन होता हॉलमध्ये, सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी. तिच्या सासरीही तसाच असणार. तिथं फोन वाजणार, कुणीतरी पुरुषमाणूस उचलणार, मी विचारणार, ‘वैनी आहेत का?’, त्या ओले हात पुसत येणार, आणि मी काय सांगणार? तुझ्या द्रविडनं माझ्या सचिनवर अन्याय केला? नव्या सुनेनं बाहेरगावी फोन करायचा तो कुणी आजारी असलं तर. मी फोन खाली ठेवला. मागून आवाज आला, ‘अगं, भज्यांचं बघतेस ना?’ सगळा कट्टा मुलतानवर तावातावानं बोलत होता. त्यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नव्हतं.

त्या घरात मला कुणी छळलं नाही, हे स्पष्ट सांगते. माणसं चांगली होती, आहेत. पण मॅच हा पुरुषांचा सण आणि त्या सणाचा स्वयंपाक बायकांचा, असा एक नियम होता. तो कुणी केला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटची दहा षटकं मी कितीतरी वेळा नुसत्या आरड्याओरड्यावरून ओळखली आहेत. चौकाराचा आवाज वेगळा असतो आणि विकेटचा वेगळा. एकदा मी दारात येऊन उभी राहिले तेव्हा गडी बाद झाला. ‘वहिनी, तुम्ही आत जा, तुम्ही आलात की विकेट पडते,’ असं एकानं गमतीनं म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, आणि आत गेले.

क्रिकेटवेड्या माणसाचं खरं दुःख हरण्याचं नसतं. त्याची आपल्याला सवय आहे. जिंकल्याचे पेढे कुणालाही वाटता येतात. हरल्यानंतर शेजारी बसायला मात्र ठरावीकच माणूस लागतं. २००७ च्या मार्चमध्ये वेस्ट इंडीजमध्ये आपण आधी बांगलादेशकडून आणि मग श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. कर्णधार द्रविड. मध्यरात्रीनंतर तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन आवाज बंद ठेवून मी ते बघत होते, आणि हुबळीत तीही जागी असेल हे मला पक्कं माहीत होतं. तोवर आमच्याकडे मोबाईल आले होते. आता अडवणारं कुणी नव्हतं. पण सवय मोडली होती. २ एप्रिल २०११ ला विश्वचषक जिंकल्यावर तिचा एसएमएस आला, ‘काँग्रॅट्स’. मी उत्तर पाठवलं, ‘सेम टू यू’. जिनं पंख्यावर पुस्तक फेकलं होतं, तिच्याशी मी दिवाळीच्या शुभेच्छांसारखं बोलत होते.

बेळगाव ते हुबळी अंतर शंभरेक किलोमीटर. तासाला गाड्या. तरी आम्ही भेटत होतो ते लग्नामुंजीत, साड्या सांभाळत, मुलांच्या टक्क्यांवर बोलत. आम्ही भांडत नव्हतो. लोक म्हणत, बघा, किती वर्षांची मैत्री.

मधे सचिनचं २०१४ साली आलेलं आत्मचरित्र वाचलं. मुलतानच्या निर्णयानं आपल्याला धक्का बसला, आपण राहुलला तसं तोंडावर सांगितलं, आणि पुढे दोघांची मैत्री टिकली, असं त्यात आहे. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. ज्यांच्यात ते घडलं त्यांनी बोलून मोकळं केलं, आणि आम्ही दोघी त्या सहा धावा पोटात घेऊन दहा वर्षं गोड बोलत होतो.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. आदल्या दिवशी १ नोव्हेंबर. त्या दिवशी आपल्या गावात कोण कुठल्या बाजूला असतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. पण रविवारी रात्री गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकच आवाज येत होता. नवी मुंबईत महिला विश्वचषकाची अंतिम फेरी होती. मी हॉलमध्ये मधल्या खुर्चीवर बसले होते आणि चहा नवऱ्यानं केला होता. शफालीच्या ८७ झाल्या, दीप्तीनं पाच गडी घेतले. सलामीला आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती. मध्यरात्रीनंतर हरमननं मागे पळत शेवटचा झेल घेतला, ५२ धावांनी आपण जिंकलो, आणि मी विचार न करता फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

‘काय करायलीस? रडायलीस ना?’ ती म्हणाली. तीही रडतच होती.

दोन मिनिटं दोघींना काही सुधरेना. मग मी म्हटलं, ‘एक विचारायचं राहिलंय. द्रविडनं डाव का सोडला?’

पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं, आता ‘होगली बिडे’ म्हणेल. तर तिचा आवाज चढला, ‘त्यानं निरोप पाठवला होता लवकर खेळा म्हणून! तुझाच सचिन रेंगाळला!’

‘सामना पाचव्या दिवशी सकाळी संपला. एका षटकानं काय बिघडणार होतं?’

‘आणि तिथं शेवटचा गडी अडून बसला असता तर? चेन्नई विसरलीस?’

रात्री एक वाजेपर्यंत आम्ही भांडलो. मुलगा खोलीतून बाहेर आला आणि घाबरून वडिलांना विचारू लागला, ‘आई कुणावर ओरडतेय?’

‘मैत्रीण आहे तिची,’ नवरा म्हणाला. ‘झोप तू.’